फ्रीओरायन शिकताना: ‘टर्न’ दाबल्यावर नक्की काय होतं आणि संगणक हिशेब कसा मांडतो

फ्रीओरायन हा अंतराळात साम्राज्य उभारायचा, टर्न-टर्नने चालणारा संगणकावरचा डावपेचांचा खेळ. तो पहिल्यांदा खेळून हरलेल्या माणसाची तक्रार बहुधा ठरलेली असते: कॉम्प्युटर चीटिंग करतो. आपलं सैन्य उतरतच नाही, त्याचं मात्र नेमकं उतरतं. आपण वसाहत करायला जातो तर हुकूम फुकट जातो, तो मात्र पसरत सुटतो. यात चीटिंग काही नाही. या खेळात संगणकाचा प्रत्येक खेळाडू वेगळा प्रोग्राम म्हणून चालतो, तुमच्यासारखाच सर्व्हरला जोडलेला असतो आणि त्याच्या साम्राज्याला जेवढं दिसतं तेवढीच माहिती त्याला मिळते. त्याचे निर्णय ठरवणारा कोड पायथनमध्ये आहे आणि कुणालाही उघडून वाचता येतो. फरक इतकाच, की टर्नमध्ये कुठलं काम आधी होतं आणि कुठलं नंतर, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि नवख्याला नसतं.

खेळ फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. 1993 च्या ‘मास्टर ऑफ ओरायन’च्या घराण्यातला, पण त्याची नक्कल नव्हे. खालचं सगळं 0.5 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना धरून आहे. त्याआधी इन्फ्लुअन्स (साम्राज्य चालवायला खर्च होणारा प्रभाव) आणि पॉलिसी (त्यातून चालवायची धोरणं) हा भागच नव्हता, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर घोळ होणारच.

पहिली पायरी: नकाशा लहान, शत्रू मवाळ

नवीन खेळ उघडला की सेटिंगचं पान येतं. तिथे घाई करू नका. पहिल्या खेळाला तुम्ही आणि दोन एआय (संगणकाचे खेळाडू) पुरेत. तारामंडळं 45 ते 60 ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 15 ते 20 येतात. याहून कमी ठेवलीत तर विसाव्या टर्नलाच शेजारी दारात उभा राहतो. जास्त ठेवलीत तर शंभर टर्न होईपर्यंत कुणी भेटत नाही आणि शिकायचं ते राहून जातं. राक्षस (अंतराळातले, कुठल्याच साम्राज्याचे नसलेले शत्रू) कमी, स्थानिक वस्त्या (कुठल्याच साम्राज्यात नसलेले वस्तीचे ग्रह) मध्यम.

एआयच्या आक्रमकतेच्या सहा पातळ्या आहेत: बिगिनर, टर्टल, कॉशस, मॉडरेट, अ‍ॅग्रेसिव्ह आणि मेनिअ‍ॅकल. नाव आक्रमकतेचं असलं तरी ही पातळी फक्त हल्ल्याची खुमखुमी ठरवत नाही. किती पसरायचं, किती जोखीम घ्यायची, असे बरेच निर्णय तिच्यावर अवलंबून असतात. म्हणून तिला सरळ ‘अवघडपणा’ समजा. टर्टल किंवा कॉशसपासून सुरुवात करा, आणि आधीपासून काय निवडलेलं आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्याच पानावर सीड असतो, म्हणजे ज्यावरून नकाशा तयार होतो ती खूण. तो वहीत लिहून ठेवा. सीड आणि बाकी सेटिंग तीच ठेवली तर तोच नकाशा पुन्हा मिळतो. त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

दुसरी पायरी: टर्नचा क्रम पाठ करा

बुद्धिबळात एकाची खेळी झाली की दुसऱ्याची. इथे तसं नाही. सगळ्यांनी आपापली खेळी चिठ्ठीवर लिहायची आणि पंचाने सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, असा प्रकार आहे. तुम्ही ‘टर्न’ दाबेपर्यंत दिलेले हुकूम म्हणजे चिठ्ठी. ती मागे घेता येते, बदलता येते. सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या की सर्व्हर या क्रमाने काम करतो:

1. हुकूम नोंदवले जातात.
2. वसाहत, सैन्य उतरवणं, जहाज भेट देणं, जहाज मोडीत काढणं.
3. फ्लीट (जहाजांचे ताफे) हलतात.
4. लढाया होतात.
5. उत्पादन, संशोधन, इन्फ्लुअन्स यांचा हिशेब होतो, मीटर वरखाली होतात, नवी जहाजं बाहेर पडतात.

दुसरं काम तिसऱ्या आणि चौथ्याच्या आधी होतं, ही या खेळाची गोम. याचे तीन परिणाम लगेच लक्षात घ्या.

जहाज ज्या टर्नला पोचतं त्याच टर्नला वसाहत होत नाही. आउटपोस्ट (निर्मनुष्य ठाणं) उभारणारं जहाज दहाव्या टर्नला निघून एका टर्नचा प्रवास करणार असेल, तर अकराव्याला ते तिथे दिसेल. मग तुम्ही वसाहतीचा हुकूम द्यायचा, आणि बाराव्याला ग्रह तुमचा. मधल्या टर्नला तिथे शत्रूचं किंवा राक्षसाचं सशस्त्र जहाज असेल तर हुकूम फुकट जातो. दोन साम्राज्यांनी एकाच टर्नला एकाच ग्रहावर हक्क सांगितला तर दोघांनाही मिळत नाही.

कारखान्यातून आज बाहेर पडणारं युद्धजहाज आजच्या लढाईत नसतं, कारण ते पाचव्या कामात जन्माला येतं. शत्रू एका टर्नच्या अंतरावर असताना ‘पुढच्या टर्नला जहाज तयार होतंय, वाचलो’ असं वाटणं ही हमखास फसगत.

तिसरा परिणाम सैन्य उतरवण्याचा. त्याला स्वतंत्र पायरी दिली आहे, कारण बहुतेक जण तिथेच हात पोळून घेतात.

तिसरी पायरी: पहिले काही टर्न

सुरुवातीला राजधानी, दोन स्काउट (टेहळणीची जहाजं), एक वसाहत जहाज आणि दोन छोटी फ्रिगेट (हलकी युद्धजहाजं) हाताशी असतात. स्काउट दोन वेगळ्या दिशांना सोडा आणि पॅसिव्हच (लढाई टाळणारे) राहू द्या. वसाहत जहाज जवळच्याच बऱ्या ग्रहावर लावा. आदर्श ग्रह शोधत ते आठ टर्न फिरवलं तर त्या आठ टर्नांची वाढ गेली. फ्रिगेटही सुरुवातीला टेहळणीलाच लावा, लढाईच्या कामाची ती नाहीत.

पॉलिसीत प्रोपगंडा पहिल्याच टर्नला. इथे एक गैरसमज सर्रास होतो: पॉलिसीची किंमत एकदाच भरायची नसते, ती दर टर्नला कापली जाते. घरभाडं समजा, पागडी नव्हे. वर पट्टीत इन्फ्लुअन्सचा साठा आणि त्याशेजारी दर टर्नची वाढ-घट दिसते. बघायचा तो दुसरा आकडा. प्रत्येक वसाहत या आकड्यातून थोडं खाते, निर्मनुष्य आउटपोस्ट त्या मानाने कमी खातात. साठा शून्याखाली गेला की ग्रहांची स्थिरता घसरते आणि मग उत्पादनही. उपाय एकच, आणि तो लवकर करायचा: दुसरा किंवा तिसरा वस्ती असलेला ग्रह मिळाला की त्याचा फोकस (ग्रहाने मुख्यतः काय निर्माण करायचं ते) इन्फ्लुअन्सवर टाका. आकडा उणे झाल्यावर करू म्हणालात तर उशीर होतो, कारण मीटर.

मीटर म्हणजे काय ते इथेच समजून घ्या. फोकस बदलला की लक्ष्याचा आकडा लगेच बदलतो, पण प्रत्यक्षातला आकडा एकेक टर्नला हळूहळू त्याच्याकडे सरकतो. उद्योगाचं लक्ष्य 20 आणि प्रत्यक्ष 12 असेल तर तिथे पोचायला आठेक टर्न जातात. मधेच पुन्हा फोकस बदललात तर ना हे ना ते. दर पाच टर्नला फोकस फिरवणाऱ्याचं साम्राज्य कायम अर्ध्या वाटेत असतं.

उत्पादनाच्या रांगेतही असंच एक छुपं बंधन आहे. प्रत्येक वस्तूला किंमत असते आणि किमान टर्नही. समजा एखादं जहाज 60 उत्पादन-गुणांचं आहे आणि किमान 5 टर्न लागतात. मग एका टर्नला त्यावर जास्तीत जास्त 12 गुण खर्च होतील, तुमच्याकडे 15 असले तरी. उरलेले 3 रांगेतल्या पुढच्या वस्तूला मिळतात. रांगेत पुढे काहीच नसेल तर ते साठ्यात जातात, आणि साठ्यातून दर टर्नला काढता येण्याची मर्यादा सुरुवातीला फारच लहान असते. थोडक्यात, गेलेच म्हणायचे. म्हणून रांगेत कायम दोन-तीन वस्तू जास्तीच्या ठेवा. संशोधनाच्या रांगेलाही हाच नियम, तिथे तर दहा-पंधरा विषय लावून ठेवले तरी बिघडत नाही.

रांगेत आधी एक-दोन स्काउट आणि मग आउटपोस्ट जहाजं. पहिल्यानंतर वसाहत जहाज सहसा बांधू नका, ते महाग पडतं. ग्रहावर आधी आउटपोस्ट लावायचा आणि मग त्यावर ‘इमारत’ म्हणून वसाहत बांधायची, हा स्वस्तातला मार्ग. मात्र ज्या जातीची (प्रजातीची) वसाहत करायची, ती जिथे राहते असा तुमचा एक ग्रह सप्लायने जोडलेला आणि जवळ हवा. वसाहतींची संख्या वाढेल तशी पुढच्या आउटपोस्टची किंमतही चढत जाते, तेव्हा मोक्याच्या जागा आधी घ्या.

चौथी पायरी: सप्लाय, इंधन, नाकेबंदी

तुमच्या रंगाने रंगलेल्या वाटा म्हणजे सप्लाय. त्यात जहाजाला इंधनाची चिंता नाही. बाहेर पडलं की सप्लायबाहेरच्या प्रत्येक तारामंडळात पोचताना 1 इंधन जातं, आणि तिथे थांबून राहिलं तर दर टर्नला फक्त 0.1 परत मिळतं. म्हणजे एका उडीचं इंधन साठवायला दहा टर्न. स्काउटचं इंधन संपलं तर त्याला टेहळणीचा खांब म्हणून तिथेच राहू द्या. युद्धाच्या ताफ्याची अशी गत झाली तर मात्र ती तुमची चूक.

नाकेबंदी हे दुबळ्याचं सगळ्यात चांगलं हत्यार. तुमचं सशस्त्र जहाज ऑब्स्ट्रक्टिव्ह (वाट अडवणारं) किंवा अ‍ॅग्रेसिव्ह (स्वतःहून हल्ला करणारं) असेल आणि टर्नच्या सुरुवातीपासून त्या तारामंडळात उभं असेल, तर तिथून पुढे जाऊ पाहणाऱ्या शत्रूला तिथेच थांबावं लागतं. पुढच्या टर्नला तो आला त्याच वाटेने परत जाऊ शकतो, पुढे नाही. ‘सुरुवातीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. दोघे एकाच टर्नला पोचलात तर नाकेबंदी लागत नाही. चार वाटा जिथे एकत्र येतात असा नाका शोधा आणि ताफा तिथे आधी नेऊन ठेवा.

पाचवी पायरी: ग्रह जिंकणं, टर्न मोजून

समजा शेजारी एक स्थानिक वस्ती आहे. सैन्य 15, ढाल आणि संरक्षण दोन्ही शून्याच्या वर. साध्या मध्यम सांगाड्यावर (जहाजाच्या मूळ ढाच्यावर) सैन्याचे दोन भाग बसवले तर एका जहाजात 4 सैनिक येतात, कारण प्रत्येक भाग 2 नेतो. हे सरासरी जातीचं गणित. तुमची जात सैन्यात कच्ची असेल तर हाच आकडा निम्मा. 15 विरुद्ध 15 उतरवले तर ग्रह त्यांच्याकडेच राहतो, एक तरी जास्त हवा. म्हणजे 4 जहाजांत 16, काठावर पास. पाचवं घ्या.

आता क्रम. विसाव्या टर्नला फक्त युद्धजहाजं पाठवा, अ‍ॅग्रेसिव्ह करून. ऑब्स्ट्रक्टिव्ह ताफा स्थानिकांवर स्वतःहून गोळी झाडत नाही, आणि ‘लढाई होतच नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. सैन्याची जहाजं एका टर्नच्या अंतरावर, शेजारच्या तारामंडळात, पॅसिव्ह. टर्न दाबला की ताफा पोचतो आणि लढतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये लढाई 4 फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरीत प्रत्येक तोफ दिसणाऱ्या लक्ष्यांपैकी कुठलंही एक निवडते, तुम्ही ते ठरवू शकत नाही. म्हणूनच सैन्य बरोबर नेऊ नका. ग्रहाची गोळी युद्धजहाज सोडून नेमकी सैनिकांवर बसली तर चार टर्नांचं उत्पादन गेलं.

एकविसाव्या टर्नला ग्रहावर क्लिक करा. ढाल 0, संरक्षण 0 दिसलं तरच सैन्याला निघायचा हुकूम द्या. दिसलं नाही तर युद्धजहाजांना आणखी एक टर्न लढू द्या. बाविसाव्याला सैन्य पोचलेलं असेल. पुन्हा आकडे बघा आणि आता ‘इन्व्हेड’ दाबा. उतरणं हालचाल आणि लढाईच्या आधी होत असल्याने ढाल या क्षणी शून्य आहे एवढंच पुरतं. तेविसाव्याला झेंडा तुमचा.

या तीन टर्नांत युद्धजहाजं हलवायची नाहीत आणि पॅसिव्हही करायची नाहीत. आदल्या टर्नला हल्ला झाला असेल तर ग्रहाची ढाल आणि संरक्षण भरून येत नाही. एक टर्न शांततेत गेला की भरू लागतं आणि सैनिकांनी भरलेली जहाजं ढालीसमोर ताटकळत बसतात. गोळीबार चालू ठेवायला एक जखमी जहाजसुद्धा चालतं. बाकीची दुरुस्तीला पाठवलीत तरी हरकत नाही.

शेजारच्या साम्राज्याचा ग्रह घेतानाही क्रम हाच. फक्त त्याच्या मदतीला ताफा येऊ शकतो, हे धरून चाला.

सहावी पायरी: समोरचा काय मोजतोय

आता एआय. दर टर्नला तो साधारण ठरलेल्या क्रमाने कामं उरकतो: स्काउटना दिशा देणं, वसाहतीची जहाजं वाटणं, सैन्य कुठे उतरवायचं ते ठरवणं, युद्धताफे वाटणं, मग संशोधन, उत्पादन आणि शेवटी ग्रहांचे फोकस. त्याला सूड, भीती, मैत्री असलं काही नाही. प्रत्येक तारामंडळासाठी त्याच्याकडे धोक्याचा एक आकडा असतो, आणि त्याहून पुरेसं वरचढ बळ जमलं की तो ताफा पाठवतो.

हे बळ मोजायची रीत समजली की त्याचं अर्धं वागणं आधीच ओळखता येतं. ताफ्याचं बळ म्हणजे ढोबळमानाने मारा गुणिले सोसण्याची ताकद. दोन ताफे एकत्र मोजताना तो सरळ बेरीज करत नाही, दोघांच्या वर्गमुळांची बेरीज करून तिचा वर्ग घेतो. उदाहरण घ्या: एका ताफ्याचा मारा 10, सोस 10, तर बळ 100. असे दोन एकत्र आले की मारा 20, सोस 20, बळ 400. दुप्पट जहाजं, चौपट बळ. आता तुम्ही हेच दोन ताफे दोन सीमांवर वाटून ठेवलेत आणि एआयकडे 250 चा एक ताफा आहे. त्याला दोन ठिकाणी 100 आणि 100 दिसतात. तो एकाकडे येतो, जिंकतो, मग दुसऱ्याकडे वळतो. एकत्र ठेवले असतेत तर समोर 400 दिसून तो आलाच नसता. ‘सगळीकडे थोडं थोडं’ ठेवणाऱ्यावरच तो का तुटून पडतो, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

हाच गुणाकार जहाजाच्या रचनेलाही लागू. सगळ्या खाचांत (भाग बसवायच्या जागांत) तोफा किंवा सगळ्या खाचांत चिलखत, दोन्ही वाया. रोबोटिक सांगाड्याला बाहेरच्या 4 आणि आतली 1 खाच असते. बाहेर दोन तोफा-दोन चिलखतं किंवा एक तोफ-तीन चिलखतं ठेवून दोन्ही गुणाकार करून बघा. त्यासाठी झॉर्ट्रियम चिलखत लवकर शोधा आणि राजधानीत ड्रायडॉक (जहाजांची गोदी) बांधा, ड्रायडॉकशिवाय हा सांगाडा मिळत नाही.

एआय जे पाहतो त्यावरच हिशेब करतो, हेही वापरता येतं. त्याचे स्काउट सतत फिरत असतात. ताफा आतल्या भागात लपवण्यापेक्षा त्याला दिसेल असा नाक्यावर उभा करा. याउलट सुरुवातीला त्याचे स्काउट तुम्हाला दिसतच नाहीत, कारण तुमची शोधशक्ती (लपलेली जहाजं हेरण्याची ताकद) 10 असते. अ‍ॅक्टिव्ह रडार शोधलं की ती 30 होते आणि पाहुणे दिसू लागतात.

त्याची सैन्याची जहाजं अनेकदा युद्धताफ्यापासून वेगळी प्रवास करतात. मोठ्या ताफ्याशी भिडणं झेपत नसेल तर त्याला जाऊ द्या आणि मागच्या वाटेवर दोन जहाजं ऑब्स्ट्रक्टिव्ह ठेवून सैन्य अडवा. ढाल फोडून तो ग्रहावर बसला तरी उतरवायला माणसं नसतील तर ग्रह तुमचाच राहतो. सीमेवरच्या एका ग्रहाचा फोकस प्रोटेक्शनवर टाकलात तर तिथली शिबंदी वाढते आणि त्याला जास्त सैन्य जमवत बसावं लागतं. हा मला सगळ्यात स्वस्त बचाव वाटतो, आणि नवखे खेळाडू तो जवळजवळ कधीच करत नाहीत.

तहाचं गणित तर गमतीशीर आहे. खेळ सुरू होतो तेव्हा सगळे सगळ्यांशी युद्धात असतात, तेव्हा पहिल्याच टर्नला सर्वांना तहाचा निरोप पाठवा. मेनिअ‍ॅकल कधीच मान्य करत नाही, बिगिनर नाही म्हणत नाही. मधले चार दर वेळी फासे टाकतात: पातळी जितकी वरची तितकी होकाराची शक्यता कमी. नकार आला तर काही टर्नांनी पुन्हा विचारायला हरकत नाही, मात्र प्रत्येक विनंतीगणिक त्याची चिडचिड थोडी वाढते. तह करून मोडणं, पुन्हा करणं, याने ती जास्त वेगाने वाढते. रोज दार वाजवू नका, आणि मिळालेला तह किरकोळ ग्रहासाठी मोडू नका.

अडलात तर

एआय एखाद्या ठिकाणी का आला किंवा का आला नाही हे कळत नसेल, तर खेळाच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक एआयची स्वतंत्र लॉग फाइल असते, पहिल्याची ‘एआय_1’ या नावाने. खेळ चालू असताना ती उघडणं म्हणजे दुसऱ्याचे पत्ते बघणं, पण शिकताना खुशाल बघा. कुठल्या तारामंडळाला त्याने किती धोका मानला आणि किती बळ नेमलं, हे त्यात दिसतं.

आणि तो सीड. पहिला खेळ हरलात की नवा नकाशा घेऊ नका. तोच सीड, तीच सेटिंग ठेवून पुन्हा सुरू करा आणि तिसाव्या टर्नला तीन आकडे वहीत लिहा: ग्रह किती, उत्पादन किती, इन्फ्लुअन्सची दर टर्नची वाढ किती. मागच्या वेळचे आकडे शेजारी मांडा. ग्रह कमी असतील तर रांगेत आउटपोस्ट उशिरा आले. ग्रह बरोबर पण उत्पादन कमी असेल तर फोकस फिरवत बसलात. तिसरा आकडा उणे असेल तर बाकीचे दोन बघायची गरजच नाही.